कायम वास्तव्याच्या अर्जाआधी करांचे दप्तर कसे लावावे

परदेशातल्या कायम वास्तव्यासाठी, म्हणजे बोलीत सगळे ज्याला 'पीआर' म्हणतात त्यासाठी, अर्ज करायचे ठरले की घरात पहिली धावपळ होते ती भाषेच्या परीक्षेची, पदवीच्या मूल्यमापनाची आणि पोलिसांच्या दाखल्याची. आयकराची कागदपत्रे 'सीएंकडे आहेत, मागू तेव्हा मिळतील' या भरवशावर मागे राहतात. कोल्हापुरात करसल्लागार म्हणून काम करताना माझा आग्रह नेमका उलट्या क्रमाचा असतो. भाषेची परीक्षा पुन्हा देता येते, परंतु चुकीचे भरलेले विवरणपत्र दुरुस्त करायला कायद्याने मुदत घातलेली आहे आणि ती एकदा सरली की कोणाच्याही ओळखीने परत मिळत नाही. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत निमंत्रण आल्यानंतर पूर्ण अर्ज दाखल करायला ६० दिवस मिळतात. तेवढ्यात बँकेचा सहीशिक्क्याचा उतारा, जुन्या कंपनीचे अनुभवपत्र, मराठी कागदांचे भाषांतर आणि आयकर खात्याकडची दुरुस्ती हे सगळे एकदम जमून येणे कठीण असते. म्हणून निमंत्रणाची वाट न पाहता, शक्यतो एक पूर्ण आर्थिक वर्ष हाताशी असताना हे काम सुरू करावे.

कोणत्या देशाला काय लागते हे आधी स्पष्ट असावे, कारण त्यावर मेहनत कुठे घालायची हे ठरते. कॅनडाला भारतातली आयकराची कागदपत्रे मुख्यतः नोकरीचा किंवा स्वयंरोजगाराचा अनुभव खरा आहे आणि खात्यातला निधी कुठून आला हे पडताळण्यासाठी उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियासाठी व्हिसाच्या आधीच, म्हणजे कौशल्य-मूल्यमापनाच्या पायरीवरच, इंजिनियर्स ऑस्ट्रेलियासारख्या संस्था अनुभवपत्राला दुजोरा म्हणून पगाराचे आणि करांचे कागद पाहतात. अमेरिकेतल्या कौटुंबिक ग्रीन कार्डात चित्र वेगळे आहे. तिथे आय-८६४ हे हमीपत्र भरणाऱ्या अमेरिकेतल्या नातलगाचे ताजे संघीय करविवरणपत्र लागते आणि त्याचे उत्पन्न सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या तिथल्या मापदंडाच्या किमान १२५ टक्के असावे लागते. कोल्हापुरातल्या आईवडिलांचे विवरणपत्र तिथे दुय्यम ठरते. जर्मनीत राहून स्थायी परवाना मागणाऱ्या नोकरदाराच्या बाबतीत निवृत्तिवेतन विम्याचे हप्ते किती महिने भरले गेले हा प्रश्न करविवरणपत्रापेक्षा मोठा असतो.

देश कोणताही असला तरी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला तुमच्याकडून कर वसूल करायचा नसतो. एका सरकारी कार्यालयाला सांगितलेला आकडा आणि दुसऱ्या कार्यालयाला सांगितलेला आकडा तो शेजारी-शेजारी ठेवतो, एवढेच. ब्रिटनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. कुशल स्थलांतरितांसाठीच्या 'टियर १ जनरल' या व्हिसावर्गातल्या अनेक अर्जदारांनी व्हिसासाठी स्वयंरोजगाराचे मोठे उत्पन्न दाखवले होते, तर करखात्याला कमी सांगितले होते, आणि कायम वास्तव्याचा अर्ज जवळ आल्यावर काहींनी जुनी करविवरणपत्रे सुधारून घेतली होती. गृहखात्याने असे अर्ज अप्रामाणिकपणाच्या कारणावरून फेटाळले. २०१९ मध्ये बालाजीगरी खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने खात्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले, आकड्यांतली प्रत्येक तफावत म्हणजे लबाडी असे धरता येणार नाही आणि अर्जदाराला खुलाशाची संधी द्यावी लागेल असे सांगितले. तरीही तफावतीचा समाधानकारक खुलासा अर्जदारानेच द्यायचा असतो, ही गोष्ट त्या निकालाने बदललेली नाही. अर्जाच्या तोंडावर घाईने सुधारलेले विवरणपत्र संशय वाढवते, आणि हीच दुरुस्ती दोन वर्षे आधी, कारण लिहून ठेवून केलेली असेल तर तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

खात्याची किल्ली आपल्या हातात घ्यावी

आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचे खाते असते आणि ते अनेकदा आपल्या ताब्यात नसते. पहिले विवरणपत्र भरताना करसल्लागाराने सोयीसाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकलेला असतो, त्यामुळे खात्याच्या नोटिसा वर्षानुवर्षे त्याच्याकडे जातात. आमच्या व्यवसायातली ही जुनी सवय आहे आणि ती चांगली नाही. सर्वप्रथम प्रवेशाचा संकेतशब्द बदलून घ्यावा, संपर्कात स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा ईमेल टाकावा, पॅन आधारशी जोडलेला आहे याची खात्री करावी. हा संकेतशब्द व्हिसा एजंटाला देऊ नये. राजारामपुरीपासून पुण्यापर्यंत 'तुमचे सगळे आम्हीच बघतो' म्हणणारे भेटतात, पण त्यांना हवे ते कागद आपण स्वतः उतरवून देऊ शकतो.

त्यानंतर मागच्या वर्षांचे कागद उतरवून घ्यावेत. जितक्या वर्षांचा अनुभव अर्जात मांडणार, तितक्या सगळ्या वर्षांचे घ्यावेत, फक्त शेवटच्या तीन वर्षांचे नव्हे. बहुतेकांकडे विवरणपत्राची पोच, म्हणजे एक पान, एवढेच असते, आणि तेच 'रिटर्न' आहे असा समज असतो. पोचपावतीवर एकूण उत्पन्न आणि कर दिसतो, पण ते उत्पन्न पगाराचे की व्याजाचे की दुकानाचे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक वर्षासाठी संपूर्ण विवरणपत्र, त्याची पोच, सीएने काढलेला उत्पन्नाचा तपशील, कलम १४३(१) खालची सूचना, फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा मालकाने दिलेला दाखला) चे दोन्ही भाग आणि फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा) असा संच करावा. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेले वार्षिक माहिती विवरण, ज्याला एआयएस म्हणतात, तेही घ्यावे. त्याची फाइल उघडताना इंग्रजी लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून आठ अंकी जन्मतारीख हा संकेतशब्द लागतो, नाहीतर ती उघडत नाही म्हणून लोक तशीच सोडून देतात.

कलम १४३(१) च्या सूचनेला मी अंमळ जास्त महत्त्व देतो. आपण जे भरले ते खात्याने जसेच्या तसे स्वीकारले की त्यात फेरफार केला, हे तिथे दोन रकान्यांत समोरासमोर छापलेले असते. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचे करखाते जी 'नोटीस ऑफ असेसमेंट' देते, तिच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा रोजचा कागद हाच आहे, आणि परदेशातल्या अधिकाऱ्याला त्या धर्तीचा कागद ओळखीचा वाटतो.

इथेच आणखी एक तपासणी उरकून घ्यावी. भरलेल्या विवरणपत्राची ई-पडताळणी झाली होती का? ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, त्याआधी १२० दिवस होती. पडताळणी राहून गेली असेल तर कर भरूनसुद्धा ते विवरणपत्र कायद्याच्या दृष्टीने भरलेलेच नसते. अशा वर्षासाठी उशीर माफ करण्याची विनंती संकेतस्थळावरूनच करता येते. त्याचबरोबर थकीत मागणीचे पानही उघडून पाहावे. जुन्या, किरकोळ रकमांच्या मागण्या २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानंतर रद्द करण्यात आल्या (२००९-१० पर्यंतच्या वर्षांसाठी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि त्यापुढे २०१४-१५ पर्यंतच्या वर्षांसाठी १०,००० पर्यंतच्या), पण त्यानंतरच्या वर्षांची मागणी पडून असेल तर ती भरून टाकावी किंवा तिला रीतसर हरकत नोंदवावी.

आकड्यांचा मेळ

आता खरे काम. एका कागदावर किंवा एक्सेलमध्ये आडव्या ओळीत एकेक आर्थिक वर्ष घ्यावे आणि उभ्या रकान्यांत अनुभवपत्रातला पगार, फॉर्म १६ मधला एकूण पगार, विवरणपत्रातले पगाराचे उत्पन्न, करपात्र उत्पन्न आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम लिहावी. पाचही आकडे वेगवेगळे येतील आणि तरीही पाचही खरे असू शकतील. नेमके हेच परदेशातल्या अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीमध्ये गुणवत्ता विभागात काम करणारा अभियंता उदाहरणादाखल घेऊ, वर्ष २०२२-२३, जुनी करप्रणाली. कंपनीच्या पत्रात वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर पडणारा एकूण खर्च, ९,६०,००० रुपये लिहिला आहे. फॉर्म १६ मध्ये एकूण पगार ८,६४,००० आहे, कारण उरलेले ९६,००० म्हणजे भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि सामूहिक विम्याचा हप्ता, जे त्याच्या हातात कधी येतच नाही. त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि २,५०० व्यवसाय कर गेला की विवरणपत्रात पगाराचे उत्पन्न ८,११,५०० दिसते. आयुर्विमा, निधी आणि मुलांची फी मिळून कलम ८०सी खालची १,५०,००० ची वजावट झाली की करपात्र उत्पन्न ६,६१,५०० उरते. बँकेत वर्षभरात मात्र ७,६४,५१० रुपये जमा झालेले आहेत, कारण ८,६४,००० मधून त्याचा स्वतःचा निधीचा वाटा ५०,४००, व्यवसाय कर २,५०० आणि करकपात ४६,५९० वजा झाली. अर्जात त्याने ९,६०,००० लिहिले आणि सोबत फक्त ६,६१,५०० दाखवणारी पोच जोडली, तर जवळजवळ तीन लाखांची तफावत दिसणार. म्हणून कंपनीच्या पत्रात सीटीसीऐवजी फॉर्म १६ शी जुळणारा एकूण पगार लिहून घ्यावा, आणि वरची वजाबाकी अर्ध्या पानाच्या खुलाशात मांडून अर्जाला जोडावी. अनुभवपत्रात पगाराबरोबर पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि नोकरीच्या तारखा कॅनडाला लागतात, तेव्हा पत्र एकदाच पण पूर्ण लिहून घेतलेले बरे.

वर्षांच्या सीमांकडेही लक्ष असावे. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, ऑस्ट्रेलियाचे जुलै ते जून, ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, तर कॅनडा आणि अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर. आपल्याकडे त्यावर 'कर-निर्धारण वर्ष' हा आणखी एक घोळ आहे, कारण २०२२-२३ चे उत्पन्न २०२३-२४ या निर्धारण वर्षाच्या पोचेवर छापले जाते आणि परदेशातला वाचणारा ते पुढच्या वर्षाचे समजतो. प्रत्येक संचाच्या वर 'अमुक एप्रिल ते अमुक मार्च या काळातले उत्पन्न' अशी एक ओळ लिहून ठेवावी. आयकर कायदा २०२५ नुसार १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी 'कर वर्ष' ही एकच संज्ञा आली आहे, परंतु त्याआधीच्या वर्षांना १९६१ चाच कायदा आणि जुनीच नावे लागू राहतात. पुढची काही वर्षे अर्जांत दोन्ही तऱ्हेचे कागद एकत्र असणार आहेत.

चुकले असेल तर

तफावत सापडली की ती तीनपैकी एका प्रकारची असते. पहिला प्रकार म्हणजे खात्याच्या हिशेबातली उघड चूक, जसे कापलेला कर जमेस न धरणे. यासाठी कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज, आदेश झालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांच्या आत करता येतो. दुसरा प्रकार म्हणजे मालकाची चूक. पगारातून कर कापला पण २६एएसमध्ये तो दिसतच नाही, किंवा चुकीच्या पॅनवर गेला आहे. हे आपल्या हातात नसते. कंपनीच्या लेखा विभागाने करकपातीचे सुधारित विवरण भरावे लागते, आणि नोकरी सोडून चार वर्षे झाल्यावर त्यांना ते करायला लावणे म्हणजे हेलपाटे. गोकुळ शिरगावची एखादी लहान कंपनी त्या दरम्यान बंदही पडलेली असू शकते, म्हणून हे आधी बघावे.

तिसरा प्रकार म्हणजे आपण स्वतः उत्पन्न कमी दाखवणे किंवा विवरणपत्रच न भरणे. नेहमीची मुदत उलटल्यावर 'अद्ययावत विवरणपत्र' हा मार्ग आहे. २०२२ मध्ये तो दोन वर्षांसाठी आला आणि २०२५ च्या वित्त कायद्याने निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत, म्हणजे ४८ महिने, वाढवला गेला. त्यासाठी कर आणि व्याजावर जादा रक्कम मोजावी लागते: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के. या मार्गाने कर कमी करता येत नाही, परतावा मागता येत नाही आणि तोटाही दाखवता येत नाही.

कर कमी न करता येण्याची अट एका वेगळ्याच गटाला अडकवते. गृहकर्ज मिळावे म्हणून नसलेले उत्पन्न दाखवून, त्यावर थोडा कर भरून 'फाइल तयार करण्याची' पद्धत आपल्याकडे आहे. घरी बसलेल्या बायकोच्या नावावर शिवणकाम, मुलाच्या नावावर शिकवणी, असे आकडे चढवलेले असतात. मुदत गेल्यावर ते खाली आणता येत नाहीत आणि पीआरच्या अर्जात 'या काळात व्यवसाय होता का' या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे तर विवरणपत्र खोटे ठरते. अशा प्रकरणी वकिलाशी बोलल्याशिवाय अर्ज करू नये. कॅनडाच्या स्थलांतर कायद्यात खोटी माहिती दिल्याबद्दल किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याबद्दल पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे, आणि ऑस्ट्रेलियात अशा कारणाने व्हिसा नाकारला गेला तर साधारण तीन वर्षे दार बंद होते.

हातातला पगार

उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या कुशल माणसाची अडचण अशी की अनुभव खरा, पण कागदावर अर्धाच. निम्मा पगार बँकेत, निम्मा हातात, फॉर्म १६ नाही, कारण कर लागण्याइतका पगारच दाखवलेला नाही. अशांना कोणी तरी मागच्या तारखांच्या पगारपावत्या छापून द्यायला तयार असतो. त्या घेऊ नयेत. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दर महिन्याचे हप्ते आणि नोकरीची सुरुवात-शेवट नोंदलेले असते, राज्य कामगार विम्याची नोंद असते, बँकेत पगाराच्या तारखेला जमा झालेली रक्कम असते, नेमणुकीचे पत्र किंवा हजेरीपत्रक असते. यांतून नोकरीचा काळ सिद्ध होतो, आणि तोच अर्जाला मुख्यतः लागतो. पगाराचा आकडा कागदावर आहे तेवढाच मांडावा. रोखीचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवून त्यावर कर भरलेला असेल तर ते उत्पन्न म्हणून सांगता येते. तसे नसेल तर अद्ययावत विवरणपत्राचा विचार करावा.

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. कलम ४४एडीए खाली अभियंता किंवा तांत्रिक सल्लागाराला एकूण प्राप्तीच्या ५० टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. आयकर खात्यापुरते हे पुरेसे असते. अनुभव पडताळणारा अधिकारी मात्र विचारतो की काम कोणासाठी केले, किती केले, पैसे कसे आले. म्हणून बिले, ग्राहकांची पत्रे आणि बँकेत आलेल्या रकमा यांचा वर्षवार गठ्ठा वह्या नसल्या तरी तयार असावा. जीएसटीची नोंदणी असेल तर जीएसटीच्या विवरणांतली उलाढाल आणि आयकरातली उलाढाल सारखी आहे ना, हेही पाहावे. दुकान-आस्थापना नोंदणी आणि व्यवसाय कराच्या पावत्या लोक फेकून देतात, पण व्यवसाय कोणत्या वर्षापासून सुरू आहे हे दाखवायला त्यांच्यासारखा पुरावा नाही.

शेतीचे उत्पन्न

आपल्या जिल्ह्यातल्या अर्जदारांची निम्मी गुंतागुंत इथे असते. शेती उत्पन्न करमुक्त आहे म्हणून विवरणपत्रात लिहायचेच नाही, असा समज घरोघरी आहे. करमुक्त असले तरी ते दाखवावे लागते. पाच हजारांपेक्षा जास्त असेल तर पगारदाराला आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सोपा नमुना चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो, आणि पाच लाखांपेक्षा जास्त असेल तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत हे सगळे द्यावे लागते. उसाच्या बिलातून करकपात होत नसल्याने २६एएसमध्ये त्याचा मागमूस नसतो, आणि म्हणून पीआरच्या निधीसाठी खात्यात दिसणारे लाखभर रुपये कुठून आले हे सांगताना एकमेव आधार विवरणपत्राचाच उरतो.

नेहमी दिसणारे चित्र असे: सातबारा वडिलांच्या नावावर, ऊसबिल आजोबांच्या खात्यावर आणि शेती उत्पन्न मुलाच्या विवरणपत्रात. हे टिकत नाही. ज्याच्या नावे उतारा आहे आणि जो जमीन कसतो त्याचेच उत्पन्न. मुलाला पैसे दिले असतील तर ती देणगी आहे आणि तसेच लिहावे. शिवाय कारखान्याच्या बिलावरची रक्कम आणि खात्यात पडलेली रक्कम एक नसते, कारण सोसायटीचे पीककर्ज बिलातूनच वळते होते. कारखान्याची बिले आणि सोसायटीच्या कर्जखात्याचा उतारा दोन्ही एकत्र ठेवावेत. दूधबिलाचे गणित निराळे आहे. गोठ्याचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने शेती उत्पन्न नाही, दर दहा दिवसांनी येणारे ते बिल व्यवसायाचे उत्पन्न म्हणून जाते. ऊस गाळून गूळ करणाऱ्यांनी गुऱ्हाळाचा नफा पूर्ण शेतीत टाकण्याआधी सीएंशी बोलावे.

जमीन विकून निधी उभा करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण ग्रामीण म्हणजे काय हे अंतरावर ठरते. एक लाख ते दहा लाख लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली जमीन कायद्याने ग्रामीण नाही. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४९ हजार होती. त्यामुळे शहराला चिकटलेल्या कळंबा, पाचगाव, उचगावसारख्या गावांतली शेतजमीन विकली तर, तिच्यावर ऊस उभा असला तरी, भांडवली नफा मोजावा लागतो. तीस लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते आणि ती एआयएसमध्ये उतरते. तो व्यवहार विवरणपत्रात नसेल आणि त्याच पैशांवर निधीचे प्रमाणपत्र उभे असेल, तर दोन्हीकडून प्रश्न येतील.

निधीच्या प्रमाणपत्रासाठी कॅनडाला बँकेच्या पत्रावर खाते कधी उघडले, आजची शिल्लक, मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेली कर्जे एवढे सगळे लागते. उसनवारीचे पैसे आणि घराची किंमत त्यात धरली जात नाही. आईवडिलांनी दिलेली रक्कम करमुक्त असली तरी बक्षीसपत्र करून, शक्यतो सहा महिने आधी बँकेमार्फतच द्यावी. सहकारी बँकेत खाते असेल तर असे पत्र इंग्रजीत, बँकेच्या लेटरहेडवर मिळते का, हे व्यवस्थापकांना आधीच विचारून ठेवावे. पासबुकाची झेरॉक्स चालणार नाही.

नाव आणि भाषांतर

पॅनवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, फॉर्म १६ वर फक्त आद्याक्षरे, आणि लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावाने पण पॅन माहेरच्या नावाने: हे प्रकार इतके सरसकट आहेत की इथल्या कोणालाच ते खटकत नाहीत. परदेशात खटकतात. पासपोर्टवरचे नाव प्रमाण मानून पॅन आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. जुने फॉर्म १६ बदलत बसू नयेत, त्यांच्यासाठी विवाह नोंदणी दाखला आणि 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र जोडावे.

सातबारा, ऊसबिल, सोसायटीचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला हे सगळे मराठीत असते. कॅनडाला भाषांतर आणि, भाषांतरकार प्रमाणित नसेल तर, त्याचे शपथपत्र लागते. भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या जवळच्या नातलगाने केलेले चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. गुंठा, एकर, हेक्टर-आर यांचे भाषांतर एकाच कागदावर एकसारखे झाले आहे का, हे स्वतः वाचून पाहावे.

आधीच परदेशात असलेल्यांसाठी

वर्क परमिटवर राहून तिथूनच पीआर मागणाऱ्यांनी तिथल्या करखात्याची आकारणी-सूचना आणि पगाराची स्लिप (कॅनडात टी-४) दरवर्षी जपून ठेवावी. कॅनडात कर-निवासी झाल्यावर जगभरचे उत्पन्न सांगावे लागते, त्यात इथल्या बँकेतल्या मुदतठेवीचे व्याज आणि शाहूपुरीतल्या गाळ्याचे भाडेही आले. परदेशी मालमत्तेची मूळ किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर टी-११३५ हा वेगळा अर्ज भरावा लागतो, पहिल्या निवासी वर्षाचा अपवाद सोडून. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर असताना बहुतेक परदेशी उत्पन्नाला सूट असते, पण पीआर मिळाल्यावर ती जाते. इथल्या ठेवींची विभागणी आणि भाड्याचे करार त्याआधी बघून घेतलेले सोयीचे पडते.

अर्ज गेल्यावर निकाल येईपर्यंत इथली विवरणपत्रे नेहमीप्रमाणे वेळेवर भरत राहावीत. मध्येच एखादे वर्ष सुटले आणि अधिकाऱ्याने ताजे कागद मागितले, तर मागची सगळी मांडणी अपुरी पडते. ज्या वर्षी नोकरीनिमित्त देश सोडाल त्या वर्षी भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर तुम्ही अनिवासी ठरता आणि विवरणपत्रात तसे लिहावे लागते, म्हणून विमानाचे तिकीट सप्टेंबरच्या शेवटी काढायचे की ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हे ठरवताना सीएंना एकदा विचारावे. इथले बचत खाते अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते, आणि आपल्या सहकारी बँकेत ती सोय नसेल तर दुसरीकडे खाते आधीच उघडावे. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक रोमिंगसह चालू ठेवावा, कारण पुढच्या जुलैमध्ये टोरंटोत बसून विवरणपत्राची ई-पडताळणी करताना ओटीपी त्याच क्रमांकावर येणार आहे.